जेआरडींनी परत केलेले नागरिकत्व

डिसेंबरात किहीमला गेले, की सुरूच्या बनात आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांत एक वेगळीच वर्दळ दिसते. परदेशी स्थायिक झालेल्यांची मुले सुट्टीला आजी-आजोबांकडे आलेली असतात. कुणाची आई मराठी आणि वडील जर्मन, कुणाचे वडील मराठी आणि आई फ्रेंच. मुले वाळूत किल्ले बांधण्यात दंग असतात. ओसरीवरच्या मोठ्यांच्या गप्पा मात्र फिरून फिरून पासपोर्टाशी येऊन थांबतात. पोराला दोन्ही देशांचे राहता येईल का? अठरावे सरल्यावर काय करायचे? आणि ही वाडी पुढे त्याच्या नावावर होईल का? शंभर वर्षांपूर्वी अशाच एका मिश्र कुटुंबातल्या मुलापुढे हा प्रश्न उभा राहिला होता. किहीमहून पाण्यापलीकडे असलेल्या मुंबईने त्याला पुढे आपला मानले. त्याचे नाव जहांगीर रतनजी दादाभाई टाटा.

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील रतनजी दादाभाई हे जमशेटजी टाटांचे नातलग आणि टाटा पेढीचे भागीदार. आई सुझान ब्रिएर ही फ्रेंच. विवाहानंतर सुझान मुंबईला आली, तिची नवजोत झाली, तिने सूनी हे नाव घेतले आणि पारशी विधींनी पुन्हा विवाह झाला. त्या काळी बहुतेक देशांच्या कायद्यांत विवाहित स्त्रीचे राष्ट्रीयत्व नवऱ्याच्या मागे जात असे. सूनीबाईंनी धर्म, नाव, पेहराव आणि घर या सर्वच बाबतींत पतीचा मार्ग पत्करला. एवढे केल्यावर तरी त्या येथल्या झाल्या असे मानायला हरकत नव्हती. पण तसे झाले नाही.

नवजोत झालेल्या परक्या स्त्रीला पारशी पंचायतीच्या निधीचा, अग्यारीचा आणि दख्म्याचा लाभ मिळावा की नाही, यावर वाद पेटला आणि १९०६ साली तो मुंबई उच्च न्यायालयात गेला. सर दिनशा पेटिट आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्या नावांनी ओळखला जाणारा हा खटला न्या. दिनशा दावर आणि न्या. फ्रँक बीमन यांच्यापुढे चालला. निकाल १९०८ मध्ये लागला. झरथुष्ट्री धर्माला परक्यांचा प्रवेश वर्ज्य नाही, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र पारशी ही केवळ धर्माची नव्हे, तर वंशाचीही ओळख आहे, असे ठरले. पारशी पित्याची परदेशी स्त्रीपासून झालेली मुले, त्यांना रीतसर धर्मात घेतले असेल तर, पारशी समाजात मोडतील, असे न्या. दावर यांनी निकालपत्रात नोंदविले. म्हणजे चार वर्षांचा जहांगीर आत आला आणि त्याची आई उंबऱ्याबाहेर राहिली. हा नागरिकत्वाचा खटला नव्हता हे खरे. पण आई आणि मुलगा यांच्यामध्ये कायदा किती सहज रेघ ओढू शकतो, हे या घराने तेव्हाच अनुभवले. वडील परके आणि आई पारशी असती, तर त्या व्याख्येत मुलालाही जागा नव्हती.

जेआरडींचे बालपण पॅरिस, मुंबई आणि काही काळ जपानमधील योकोहामा असे विखुरलेले गेले. घरात बोलली जाई ती फ्रेंच. इंग्रजी त्यांनी नंतर आत्मसात केली. भारतीय भाषांवर त्यांचा हात कधीच बसला नाही. सुट्ट्या फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील हार्देलो येथे जात आणि तेथे शेजारी होते इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे लुई ब्लेरियो. विमानाचे वेड लागले ते त्या किनाऱ्यावर. आई १९२३ साली वारली, तेव्हा जेआरडी एकोणीस वर्षांचे होते.

नागरिकत्व म्हणजे केवळ प्रवासाचे कागद नव्हेत, हे त्यांना पुढच्याच वर्षी कळले. फ्रेंच नागरिक या नात्याने १९२४ साली त्यांना सक्तीच्या लष्करी सेवेचे बोलावणे आले. स्पाही नावाच्या घोडदळाच्या तुकडीत त्यांनी एक वर्ष काढले. लिहिता-वाचता आणि टंकलेखन येत असल्याने त्यांना कर्नलच्या कचेरीत काम मिळाले. सेवा वाढवावी असे त्यांच्या मनात होते, केंब्रिजला अभियांत्रिकी शिकण्याचीही इच्छा होती. वडिलांनी दोन्हींना नकार देऊन मुंबईला बोलावून घेतले. ज्या तुकडीत ते राहिले असते ती पुढे मोरोक्कोतील मोहिमेत कापली गेली, असे त्यांचे चरित्रकार नोंदवितात. पदवी मात्र कायमची राहून गेली.

डिसेंबर १९२५ मध्ये ते टाटा कंपनीत बिनपगारी उमेदवार म्हणून रुजू झाले. १९२६ साली वडील गेले आणि बाविसाव्या वर्षी संचालकपद व चार भावंडांची जबाबदारी अंगावर आली. त्यानंतर तीन वर्षांनी, १९२९ साली, त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडून दिले.

त्या निर्णयाचे मोल आज चटकन लक्षात येत नाही. १९२९ मध्ये भारतीय नागरिकत्व नावाची गोष्टच अस्तित्वात नव्हती. मुंबईच्या माणसाला ब्रिटिश साम्राज्याचा प्रजाजन एवढीच ओळख होती. स्वतंत्र प्रजासत्ताकाचे नागरिकत्व परत करून पंचवीस वर्षांच्या तरुणाने परतंत्र देशातले प्रजाजनत्व पत्करले. येथे कारभार करायचा, तर एक पाय पॅरिसमध्ये ठेवून चालणार नाही, असा व्यवहारी विचार त्यामागे असेलही. पण व्यवहारच पाहायचा असता, तर फ्रेंच पासपोर्ट कपाटात पडून राहायला काय हरकत होती?

त्याच वर्षी, १० फेब्रुवारी १९२९ रोजी, भारतात दिला गेलेला वैमानिकाचा पहिला परवाना त्यांना मिळाला होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन निघालेले त्यांचे पुस मॉथ विमान अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. १९३८ साली ते टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलच्या पहिल्या विमानाने मुंबईहून लंडनकडे झेप घेतली आणि १९६० साली न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. किहीमच्या ओसरीवरची आजची कुटुंबे ज्या वाटेने जगभर पांगली, ती वाट काही अंशी याच गृहस्थांनी आखली, ही गंमत नोंदवायला हवी.

१९५० साली राज्यघटना अमलात आली आणि जेआरडींनी वीस वर्षे आधीच केलेली निवड सर्वांसाठी नियम झाली. स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व घेणारा भारतीय नागरिक राहत नाही, हे घटनेच्या नवव्या अनुच्छेदाने आणि पुढे १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने ठरविले. परदेशी जन्मलेल्या मुलाला वंशाने नागरिकत्व मिळे ते मात्र केवळ वडिलांकडून. भारतीय आईच्या बाजूने ते मिळू लागले १० डिसेंबर १९९२ पासून. १९०८ च्या निकालातली ती रेघ स्वतंत्र भारताच्या कायद्यातही बेचाळीस वर्षे टिकली, हे कुणाला बोचले पाहिजे.

आज परदेशी जन्मलेले मूल वंशाने भारतीय असेल आणि त्याच वेळी दुसऱ्या देशाचेही, तर सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांच्या आत त्याला ते दुसरे नागरिकत्व सोडावे लागते. न सोडल्यास भारतीय नागरिकत्व जाते. परदेशी नागरिकत्व निवडणाऱ्यांना २००५ पासून ओसीआय कार्डाची सोय झाली आहे. त्यावर यायला-जायला आणि राहायला अडचण नाही, पण मतदानाचा हक्क नाही आणि शेतजमीन विकतही घेता येत नाही. वारसाहक्काने मात्र ती मिळू शकते. म्हणजे किहीमची वाडी आजोबांकडून नातवाकडे येऊ शकेल. पुढे ती विकायची झाली, तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागेल. शेजारची वाडी घेऊन कुंपण वाढवायचा बेत नातवाने केला, तर तो कागदावरच राहील.

फ्रान्सने जेआरडींना नंतरही परके मानले नाही. १९५४ साली त्यांना लेजियों द'नर हा सन्मान मिळाला. भारताने १९५५ मध्ये पद्मविभूषण आणि १९९२ मध्ये भारतरत्न दिले. आईकडून नागरिकत्व देणारी ती दुरुस्तीही त्याच वर्षाची. फ्रेंच ही त्यांची बालपणापासूनची भाषा होती. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले. त्यांच्या सन्मानार्थ संसदेचे कामकाज तहकूब झाले आणि देह पॅरिसला नेऊन पेर लाशेज स्मशानभूमीत पुरण्यात आला.