पीटर गोरर

पीटर आल्फ्रेड गोरर (१४ एप्रिल, १९०७ – ११ मे, १९६१) हे ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञ व प्रतिरक्षाशास्त्रज्ञ होते. उंदरांच्या पेशींच्या पृष्ठभागावरील एच-२ या प्रतिजनांच्या शोधासाठी ते ओळखले जातात.

जीवन

गोरर यांचा जन्म लंडन येथे झाला. त्यांचे वडील एडगर हे कलावस्तूंचे व्यापारी होते. १९१५ मध्ये लुसिटानिया हे जहाज बुडाले, त्यात त्यांचा अंत झाला. मानववंशशास्त्रज्ञ जेफ्री गोरर हे पीटर यांचे थोरले बंधू होत. लंडनच्या गायज रुग्णालयात वैद्यकीय शिक्षण घेतल्यावर गोरर यांनी जे. बी. एस. हॉल्डेन यांच्याकडे आनुवंशिकीचा अभ्यास केला. हॉल्डेन पुढे भारतात स्थायिक झाले.

संशोधन

लिस्टर संस्थेत काम करीत असताना, १९३६ मध्ये गोरर यांनी सशांमध्ये तयार केलेल्या प्रतिपिंडांच्या साहाय्याने उंदरांच्या तांबड्या पेशींवरील प्रतिजनांतील भेद दाखविले. त्यांपैकी दुसऱ्या प्रतिजनाचा संबंध त्यांनी अर्बुदांच्या प्रतिरोपणाशी जोडला. हा प्रतिजन असलेल्या उंदराचे अर्बुद तो नसलेल्या उंदरात घातल्यास ते नाकारले जाते आणि त्या उंदराच्या रक्तात प्रतिजनाविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण होतात, असे त्यांना आढळले. म्हणजेच हा नकार कर्करोगाला नसून परक्या ऊतकाला होता.

१९४० मध्ये ते गायज रुग्णालयात परतले. युद्धानंतर अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत त्यांनी जॉर्ज स्नेल यांच्यासमवेत काम केले. स्नेल ज्या ऊतक-सुसंगती जनुकाचा माग काढीत होते, ते आणि गोरर यांच्या प्रतिजनाचे जनुक एकच असल्याचे १९४८ मध्ये सिद्ध झाले. एच-२ या नावातील ‘एच’ स्नेल यांच्या संज्ञेतून, तर ‘२’ गोरर यांच्या क्रमांकातून आला आहे. १९५६ मध्ये पी. ओ'गॉर्मन यांच्यासह त्यांनी प्रतिपिंडे जिवंत पेशी मारतात हे दाखविले. पेशीपृष्ठावरील प्रतिजन ओळखण्याच्या पुढील चाचण्यांना त्यातून दिशा मिळाली.

वारसा

एच-२ जनुकसमूहाचा एक भाग आयए प्रतिजन घडवितो, हे १९७० च्या दशकात समजले. इंटरफेरॉन-गॅमाने उद्दीपित झालेल्या उंदरांच्या बृहद्भक्षी पेशींवर हे प्रतिजन वाढतात. त्यामुळे अशा पेशी ओळखण्यासाठी ते खूण म्हणून वापरले जातात.

१९६० मध्ये गोरर रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. पुढच्याच वर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. स्नेल यांना १९८० मध्ये बारुज बेनासेराफ आणि जाँ दोसे यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. ते मरणोत्तर दिले जात नसल्याने गोरर यांचे नाव त्यात येऊ शकले नाही.