बटलरसाहेबांचे कोलंबिया

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कोणतेही चरित्र उघडा. जुलै १९१३मध्ये न्यूयॉर्कला पोहोचलेला, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर शिकणारा तरुण तुम्हाला भेटेल. पाठोपाठ सेलिग्मन, जॉन ड्यूई, रॉबिन्सन ही प्राध्यापक मंडळी येतील. या साऱ्यांचा कारभार ज्यांच्या हाती होता, त्या गृहस्थांचे नाव मात्र आपल्याकडे क्वचितच निघते. निकोलस मरे बटलर हे ते नाव. १९०२ ते १९४५ अशी तब्बल ४३ वर्षे ते कोलंबिया विद्यापीठाचे अध्यक्ष होते. त्यांच्याविषयी मला कुतूहल वाटते ते त्यांच्या कर्तबगारीमुळे जेवढे, तेवढेच त्यांच्या हट्टीपणामुळे!

आपल्याकडचे कुलगुरू आणि अमेरिकेतल्या खासगी विद्यापीठाचा अध्यक्ष यांत फरक आहे. तिथे विश्वस्त अध्यक्ष नेमतात, आणि धनिकांकडून पैसा उभा करणे हे त्याचे मोठे काम असते. बटलर यांना ते उत्तम साधले. १८६२ साली न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ गावी जन्मलेल्या या मुलाने कोलंबियातच शिकून बाविसाव्या वर्षी तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळवली, मग बर्लिन-पॅरिस गाठले. परत आल्यावर शिक्षकांना शिकवणारी संस्था उभारण्यात पुढाकार घेतला. तीच पुढे टीचर्स कॉलेज म्हणून नावारूपाला आली. १९०१ साली अध्यक्ष सेथ लो न्यूयॉर्कच्या महापौरपदी निवडून आले आणि बटलर यांच्याकडे हंगामी कारभार आला. पुढच्या वर्षी ते कायम झाले.

त्यांनी कोलंबियाचा कायापालट केला. वृत्तपत्रमालक पुलित्झर यांच्या देणगीतून १९१२ साली पत्रकारितेचे विद्यालय निघाले. चांगला माणूस मोकळा झाला, की त्याला गाठण्यात ते वाकबगार होते. १९०४ साली ड्यूई यांनी शिकागो विद्यापीठाशी मतभेद होऊन राजीनामा दिला. त्यांनी कोलंबियातले मानसशास्त्रज्ञ मित्र कॅटेल यांना कळवले आणि बटलर यांनी ड्यूईंसाठी जागा तयार केली. बाबासाहेबांवर ज्यांचा आयुष्यभर प्रभाव राहिला, ते गुरू त्यांना न्यूयॉर्कमध्ये भेटू शकले ते या नेमणुकीमुळे.

राजकारणाचाही त्यांना भारी नाद. १९१२च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार शर्मन मतदानाच्या काही दिवस आधी वारले. त्यांच्या वाट्याची अवघी ८ निर्वाचक मते मग बटलर यांच्या नावावर पडली. १९२० साली त्यांनी थेट राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीच प्रयत्न केला, जमले नाही.

पण खरी कसोटी लागली ती १९१७ साली. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. बटलर तोवर शांततेचे मोठे पुरस्कर्ते. कार्नेगी यांनी शांततेसाठी १ कोटी डॉलर्स दिले, त्यामागेही त्यांचा आग्रह होता. हेच गृहस्थ त्या जूनमध्ये पदवीदान समारंभात उभे राहिले आणि बजावून मोकळे झाले, की काल जे खपवून घेतले ते आज खपणार नाही. ऑगस्टमध्ये कॅटेल यांनी काँग्रेसच्या सदस्यांना पत्रे लिहिली. सक्तीने भरती केलेल्या तरुणांना त्यांच्या मनाविरुद्ध युरोपात लढायला पाठवू नये, एवढेच त्यांचे म्हणणे. ऑक्टोबरमध्ये विश्वस्तांनी त्यांना काढून टाकले. कवी लाँगफेलो यांचे नातू असलेले प्राध्यापक डेना यांनाही शांततावादी चळवळीपायी नारळ मिळाला. इतिहासकार चार्ल्स बिअर्ड स्वतः युद्धाच्या बाजूचे. तरीही या प्रकाराचा निषेध म्हणून आठवड्याभरातच त्यांनी राजीनामा दिला. ड्यूई व्यथित झाले, पण राहिले. दोन वर्षांनी रॉबिन्सनही गेले, आणि त्यांनी व बिअर्ड यांनी इतरांच्या साथीने न्यू स्कूल ही नवी संस्था काढली. ज्या कॅटेल यांच्यामुळे ड्यूई कोलंबियाला लाभले, त्यांनाच बटलर यांच्या कारकिर्दीत असे घालवावे लागावे, हे मला त्यांच्या चरित्रातले सर्वांत बोचणारे पान वाटते.

त्यानंतरची पानेही सरळ नाहीत. १९३१ साली जेन अ‍ॅडम्स यांच्याबरोबर त्यांना शांततेचे नोबेल मिळाले. मात्र त्यांच्याच अमदानीत कोलंबिया कॉलेजात ज्यू मुलांची संख्या कमी ठेवण्यासाठी प्रवेशअर्जांत धर्म, वडिलांचे जन्मस्थान असले प्रश्न आले. ब्रुकलिनमध्ये सेथ लो यांच्या नावाने वेगळे कनिष्ठ महाविद्यालय निघाले. १९३५ साली तिकडे पाठवलेल्या मुलांत पुढे विज्ञानकथांचा बादशहा ठरलेला आयझॅक असिमोव्हही होता. १९३३ साली हिटलरच्या राजदूताचे भाषण रद्द करा, ही विद्यार्थ्यांची मागणी बटलर यांनी धुडकावली. १९३६ साली नाझींच्या ताब्यातल्या हायडेलबर्ग विद्यापीठाच्या उत्सवाला प्रतिनिधी धाडला आणि त्याविरुद्ध त्यांच्या घरासमोर निदर्शने करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या म्होरक्याला विद्यापीठातून काढले. शांततेच्या पुरस्कर्त्याला आपल्या अंगणातला आवाज मात्र सोसवत नसे. १९४१ साली पुलित्झर मंडळाने हेमिंग्वे यांच्या कादंबरीला पसंती दिली होती; बटलर आडवे आले आणि त्या वर्षी कादंबरीला पारितोषिकच दिले गेले नाही.

एवढे असूनही त्यांना निव्वळ हुकूमशहा म्हणून मोडीत काढणे मला पटत नाही. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेवरचा आपला पहिला निबंध १९१६च्या मेमध्ये याच विद्यापीठात वाचला. मायदेशी ज्याला अस्पृश्य मानले जात होते, त्या विद्यार्थ्याला तिथे विद्वानांच्या पंक्तीत बसता आले. ती पंगत मांडणाऱ्यांत बटलर होतेच. १९५२ साली कोलंबियाने बाबासाहेबांना सन्माननीय डॉक्टरेट दिली, तेव्हा ते हयात नव्हते.

१९४५ साली ८३ व्या वर्षी ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. पुढच्या वर्षी विद्यापीठाने आपल्या मोठ्या ग्रंथालयाला त्यांचे नाव दिले. होमर, प्लेटो, अ‍ॅरिस्टॉटल अशी नावे दर्शनी भागावर कोरलेली ती इमारत त्यांच्याच कारकिर्दीत, १९३४ साली उघडली होती. ७ डिसेंबर १९४७ रोजी बटलर वारले. ग्रंथालय आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.