बागवान केरीसाहेब आणि तळ्यांतील कुमुदें

पावसाळा सरूं लागला म्हणजे आपल्या गांवच्या तळ्यांत कुमुदें फुलतात. त्यांचें पान पाण्यावर सपाट पसरतें. खऱ्या कमळाचें पान पाण्याबाहेर उंच उभें राहतें. म्हशी धुणारा मुलगा हीं फुलें रोज पाहतो, परंतु तीं आपलींच म्हणून कोणी त्यांची किंमत करीत नाहीं. अशा देशी वनस्पतींस ग्रंथांत मानाचें स्थान मिळावें म्हणून ज्यांनीं श्रम केले, त्या डॉ. विल्यम केरी यांचें चरित्र आज थोडक्यांत सांगूं.

केरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजीं इंग्लंडांतील एका खेड्यांत, गरीब विणकऱ्याच्या घरीं झाला. त्यांचे चुलते माळीकाम करीत. त्यांच्यापासून मुलास झाडांचा छंद लागला. पण उन्हांत काम करतांच त्याच्या कातडीस असह्य पीडा होई. म्हणून शेत सोडून त्यास जोडे शिवण्याच्या धंद्यास बसावें लागलें.

१७९३ सालीं ते कलकत्त्यास उतरले, व १८०० सालापासून हुगळीच्या कांठीं श्रीरामपूर येथें राहिले. हें श्रीरामपूर बंगाल्यांतील होय, आपल्याकडील नव्हे. तेथें त्यांनीं पंडित वैजनाथ यांच्या साह्यानें आपल्या भाषेचीही सेवा केली. मराठीचें व्याकरण १८०५ सालीं, कोश १८१० सालीं व नवा करार १८११ सालीं तेथून छापून निघाला.

ज्या मुलास ऊन सोसत नसे, त्यानेंच या उष्ण देशांत सुमारें पांच एकरांची बाग उभी केली. सकाळीं तेथेंच ते प्रार्थना करीत. त्यांचे स्नेही डॉ. रॉक्सबर्ग हे कलकत्त्याच्या सरकारी बागेचे अधिकारी होते. त्यांनीं आपल्या सह्याद्रींतही वाढणाऱ्या कुंभ्याच्या जातीस केरी यांचें नांव दिलें. १८१५ सालीं रॉक्सबर्ग वारले, तेव्हां त्यांचें मोठें लिखाण अप्रकाशितच होतें. केरी यांनीं तें वाया जाऊं दिलें नाहीं. १८३२ सालीं हिंदुस्थानच्या वनस्पतींचा तो ग्रंथ तीन भागांत श्रीरामपुरास छापून निघाला. वड, आंबा यांच्याबरोबर तळ्यांतील तांबड्या व निळ्या कुमुदांसही त्यांत जागा मिळाली.

मध्यंतरीं मोठें संकट आलें. १८२३ च्या ऑक्टोबरांत नावेंतून उतरतांना केरी पडले व त्यांची मांडी दुखावली. ते अंथरुणास खिळले असतांच दामोदर नदीस महापूर आला. बाग पाण्याखालीं गेली व वर्षानुवर्षें जपलेलीं झाडें नष्ट झालीं. तेव्हां त्यांचें वय बासष्ट वर्षांचें होतें. तरी शक्ति येतांच त्यांनीं बाग पुन्हा लावावयास घेतली. अखेरच्या आजारांत चालवेना, तेव्हां ते खुर्चींत बसून बागेंत जात; तेंही होईना, तेव्हां माळ्यास खोलींत बोलावून झाडांची विचारपूस करीत. ९ जून १८३४ रोजीं ते प्रभूच्या विसाव्यांत गेले.

प्रिय वाचकहो, ज्या प्रभूनें रानांतील भूकमळांकडे आपल्या शिष्यांचें लक्ष वेधलें, त्याच्या या सेवकास तळ्यांतील फुलही तुच्छ वाटलें नाहीं. आपल्या आवारांत लहानसें टांकें असेल, तर हिंवाळा संपल्यावर गांवच्या तळ्यांतून कुमुदाचा एखादा कंद आणावा. तळ्याचाच चिकट गाळ जुन्या टोपलींत भरून त्यांत तो लावावा, वर खडे घालावे, आणि टोपली प्रथम वीतभर पाण्यांत ठेवावी. पानें वाढतील तशी खोल सोडावी. दिवसाचें ऊन मिळावें व पाणी वाहतें नसावें. डांस होऊं नयेत म्हणून तळ्यांतीलच लहान मासे सोडावे. एखाद्या वर्षीं पाणी आटलें, तरी निराश होऊं नये. ओल्या गाळांत कंद जिवंत राहतो. पुरानंतर केरीसाहेबांनीं केलें तेंच आपण करावें: पुन्हा लावावें.