बेंजामिन रॉबिन्स : गोळीचा हिशेब मांडणारा गणिती

आमचे घर कुंभकोणमच्या मेलकावेरीत आहे. घरी तंजावरी मराठी चालते, त्यामुळे या पानावर लिहिताना शिवाजीमहाराजांच्या एखाद्या सरदारावर लिहावे असे सगळ्यांनी सुचवले. मी मात्र एका इंग्रजावर लिहितो आहे. तो आमच्या घरापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, कडलूरजवळ वारला, आणि फायरिंग रेंजवर आपण रोज त्याचेच शास्त्र वापरतो.

बेंजामिन रॉबिन्स १७०७ साली इंग्लंडमधील बाथ येथे जन्मले. वडील शिंपी, घराणे क्वेकर पंथाचे, म्हणजे युद्धाला विरोध करणाऱ्यांचे. गणित ते बहुतेक आपले आपणच शिकले आणि १७२७ मध्ये, विसाव्या वर्षी, रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. पुढे वुलिचला नवी लष्करी अकादमी निघाली. तिथे शिकवण्याची त्यांची फार इच्छा होती, पण नेमणूक दुसऱ्याची झाली. रॉबिन्स यांनी पंतप्रधान वॉलपोल यांच्याविरुद्ध पत्रके लिहिली होती, हे त्यांना नडले असे म्हणतात. शिकवण्यासाठी केलेल्या तयारीतून त्यांनी १७४२ मध्ये 'न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी' हे पुस्तक काढले. ऑयलर या थोर गणितज्ञाने ते जर्मन भाषेत नेले आणि स्वतःच्या टीपा जोडून केवढे तरी वाढवले. त्याच ऑयलरच्या ग्रंथावर रॉबिन्स यांनी आधी कडक टीका केली होती!

त्यांचे मुख्य साधन अगदी साधे होते. तिवईला टांगलेला जाड लाकडी ठोकळा. त्यात गोळी मारायची, ठोकळा किती मागे झुलला ते खाली लावलेल्या फितीवर मोजायचे, आणि त्यावरून गोळीचा वेग काढायचा. नववीत आपण संवेग अक्षय्यतेचा नियम शिकतो, तोच इथे आहे. मस्केटच्या गोळीचा वेग सेकंदाला सुमारे १,७०० फूट निघाला. हवा नसती तर ४५ अंशांत मारलेली ही गोळी १७ मैल गेली असती. (मी गुणाकार करून पाहिला, बरोबर येतो.) प्रत्यक्षात ती अर्धा मैलही जात नसे. हवेचा अडथळा किरकोळ आहे असे समजणाऱ्या तोफखान्याच्या लोकांना हा मोठाच धक्का होता.

मग गोळी बाजूला का भरकटते? रॉबिन्स यांनी एका बंदुकीची नळी तोंडाशी डावीकडे वाकवली आणि पुढे पातळ कागदाचे पडदे लावले. भोके पाहिली तर गोळी आधी डावीकडे गेली आणि मग उजवीकडे वळली! नळीला घासून तिला गिरकी मिळाली होती आणि त्या गिरकीने हवेत ती वळली. क्रिकेटवाल्यांना हे सांगायला नको. यावरूनच १७४७ च्या निबंधात त्यांनी मांडले की गिरकीचा अक्ष उड्डाणाच्या दिशेत ठेवला तर भरकटणे थांबेल, म्हणजे नळीला आतून पीळ हवा. जे राष्ट्र रायफल आधी नीट समजून घेईल ते रणांगणावर वरचढ ठरेल, असेही त्यांनी सांगून ठेवले. अंड्याच्या आकाराची गोळीसुद्धा त्यांनी सुचवली होती.

पीळ किती द्यायचा, हे मात्र पुढे ठरले. एकाच कॅलिबरमध्ये जड गोळी म्हणजे लांब गोळी, कारण जाडी वाढवता येत नाही. लांब गोळीला हवा जास्त जोराने उलथवते, म्हणून तिला जास्त गिरकी लागते. १८७९ मध्ये वुलिचच्याच ग्रीनहिल यांनी सोपे सूत्र दिले : व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणा आणि गोळीच्या लांबीने भागा, तेवढ्या अंतरात पिळाचा एक फेरा. आपल्या पॉइंट टू टू रायफलची गोळी साधारण ५.७ मिलिमीटर जाड आणि ११.५ लांब धरली तर उत्तर सुमारे ४२४ मिलिमीटर, म्हणजे साडेसोळा इंचांच्या आसपास येते. या रायफलींचा प्रचलित पीळ १६ इंचांत एक फेरा आहे! अमेरिकेच्या एम-१६ मध्ये ५५ ग्रेनच्या गोळीला १२ इंचांत एक फेरा होता. ६२ ग्रेनची लांब गोळी आल्यावर तो ७ इंचांत एक झाला. शिकारीच्या एकबारी पिस्तुलातही हेच पाहतात. पीळ कमी पडला तर गोळी आडवी होऊन लागते आणि टार्गेटवर लांबट भोक दिसते.

१७४९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने रॉबिन्स यांना मुख्य इंजिनिअर नेमले. त्याच वर्षी कंपनीने आमच्या तंजावरच्या प्रतापसिंह महाराजांकडून कोळ्ळिडमच्या मुखाजवळचे देवीकोट्टै घेतले होते. तेव्हा ते आमच्या बाजूचे नव्हतेच, हे मी विसरलेलो नाही. १७५० च्या जुलैत ते कडलूरच्या फोर्ट सेंट डेव्हिडला उतरले. हा किल्ला कंपनीने १६९० मध्ये मराठ्यांकडूनच विकत घेतला होता. राजाराम महाराज तेव्हा जिंजीला होते. करार असा, की किल्ल्यावरून तोफ डागायची आणि गोळा जाईल तिथपर्यंतची जमीन कंपनीची. त्या गावांना पुढे गुंडू ग्रामम्, म्हणजे गोळ्याची गावे, असे नाव पडले. गोळा किती दूर जातो याचा हिशेब मांडणारा माणूस साठ वर्षांनी त्याच किल्ल्यात आला. आल्यावर त्यांनी किल्ल्यांचे आराखडे केले, पण इथल्या तापाने त्यांना गाठले. २९ जुलै १७५१ रोजी ते तिथेच वारले. वय फक्त ४४.

तो किल्ला १७५८ मध्ये फ्रेंचांनी घेऊन पाडला. रॉबिन्स यांचे लेख त्यांचे मित्र जेम्स विल्सन यांनी १७६१ मध्ये दोन खंडांत छापले.