नगरला जन्मलेला विदूषक

धुळ्याहून एसटीने मालेगाव, मनमाड, कोपरगाव करीत नगरला जाणाऱ्याने तिथे काय पाहायचे, ते ठरलेले आहे. भुईकोट किल्ला, पंडित नेहरूंना स्थानबद्ध ठेवले होते ती खोली, चांदबिबीचा महाल आणि रणगाड्यांचे संग्रहालय. एक नाव या यादीत सहसा येत नाही. १६ एप्रिल १९१८ रोजी या गावात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, लष्करातल्या एका गोऱ्या कुटुंबात मुलगा झाला. नाव ठेवले टेरेन्स ॲलन मिलिगन. पुढे इंग्लंडने त्याला स्पाइक मिलिगन म्हणून डोक्यावर घेतले. विसाव्या शतकातल्या इंग्रजी विनोदाचा अर्धा कारखाना एकट्या या माणसाने चालवला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

वडील आयरिश, आई इंग्रज. वडील फौजेत सार्जंट मेजर आणि नाचगाण्याचे भारी शौकीन. छावणीतल्या रंगमंचावर ते हौसेने उभे राहत. साहेब म्हणावे तर अधिकाऱ्यांच्या क्लबात जागा नाही, आणि नेटिव्ह म्हणावे तर कातडी गोरी. अशी मधल्या पायरीवरची माणसे आम्हा खानदेशवाल्यांना नवी नाहीत. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत घरात इंग्रजी आणि अंगणात हिंदुस्थानी बोलणारी कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना मिलिगनचे बालपण डोळ्यांसमोर आणायला वेळ लागू नये. मुलगा पुण्याच्या कॅम्पात वाढला, कॉन्व्हेंटात शिकला, नंतर वडिलांची बदली रंगूनला झाली. कारकून, बटलर, शिपाई आणि दुकानदार यांचे इंग्रजी त्याच्या कानात रोज पडत होते. त्या बोलण्याचा हेल त्याने पुढे आयुष्यभर वापरला. त्यातूनच त्याला टाळ्याही मिळाल्या आणि शिव्याही.

१९३० नंतरच्या मंदीच्या वर्षांत हे कुटुंब विलायतेला परतले. परतले म्हणायचे इतकेच, कारण मुलाने तो देश पाहिलाच नव्हता. हिंदुस्थानातले ऊन, नोकरचाकर आणि बँडबाजा गेला, आणि दक्षिण लंडनमधले धुरकट भाड्याचे घर नशिबी आले. पोराने मिळेल ते काम केले, ट्रम्पेट शिकला, नाचाच्या वाद्यवृंदात वाजवू लागला. तेवढ्यात महायुद्ध आले. तोफखान्यात भरती होऊन तो आफ्रिकेत आणि इटलीत लढला. १९४४ च्या जानेवारीत कॅसिनोच्या आघाडीवर तोफगोळ्याने जखमी झाला. पायाची जखम भरली, मनाची भरली नाही. धक्क्याने हात कापू लागलेल्या या शिपायाला वरिष्ठाने सहानुभूती दाखवायच्या ऐवजी पदावरून उतरवले. पुढची सगळी वर्षे तो मनाच्या आजाराशी झगडला, अनेकदा रुग्णालयात राहिला, आणि त्याबद्दल उघडपणे बोललाही. आपल्याकडे आजही घराघरांत ही गोष्ट झाकून ठेवतात.

१९५१ मध्ये बीबीसीच्या रेडिओवर त्याचा 'गून शो' सुरू झाला आणि १९६० पर्यंत चालला. पीटर सेलर्स, हॅरी सीकोम्ब आणि मिलिगन. सुरुवातीला मायकेल बेंटाइनही होता. बहुतेक लेखन मिलिगनचे. आठवड्याला एक भाग लिहिता लिहिता १९५२ च्या अखेरीस तो कोसळला, सावरला आणि पुन्हा लिहू लागला. या कार्यक्रमात लालकाका आणि बॅनर्जी नावाची दोन हिंदी पात्रे होती. सेलर्स आणि मिलिगन त्यांचे संवाद चढाओढीने म्हणत. एक पारशी नाव, एक बंगाली. मुंबई-पुण्याच्या माणसाने ऐकले तर हसू यावे, कारण ती नक्कल कानाला पक्की लागते. शब्दांची लांबण, नको तिथली अदब, कामाला हात न लावता कामाविषयी चाललेली चर्चा, हे सगळे त्याने जवळून ऐकलेले होते. तेव्हा कोणी फारसे दुखावले गेल्याचे दिसत नाही. एक तर तो रेडिओ होता, त्यात तोंडाला रंग फासावा लागत नव्हता. शिवाय त्या कार्यक्रमात इंग्रज मेजर आणि सरदारही तितकेच मूर्ख असत. आणि तिसरे, मला वाटते खरे कारण: तेव्हा इंग्लंडमधल्या बहुतेक गल्ल्यांत लालकाका राहायलाच आलेला नव्हता.

तो आला पुढच्या दहा-पंधरा वर्षांत. पंजाबातून, मीरपूरमधून, सिल्हेटमधून, गुजरातेतून. १९६८ च्या एप्रिलमध्ये इनोक पॉवेल या खासदाराने परदेशी माणसांच्या लोंढ्याविरुद्ध जहाल भाषण केले. त्याला पक्षाच्या वरिष्ठ मंडळातून काढले, पण गोदी कामगारांनी त्याच्या बाजूने मोर्चे काढले. त्याच वर्षी वंशभेदाविरुद्धचा कायदा कडक झाला. आणि १९६९ च्या नोव्हेंबरात लंडन वीकएंड टेलिव्हिजनने 'करी अँड चिप्स' ही मालिका दाखवायला सुरुवात केली.

लेखक जॉनी स्पेट. फोरमनच्या भूमिकेत एरिक साइक्स, कामगारांत गायक केनी लिंच हा काळा कलावंत, आणि चेहऱ्याला तपकिरी रंग लावून आलेला मिलिगन. पात्राचे नाव केव्हिन ओग्रेडी, अर्धा आयरिश, अर्धा पाकिस्तानी. सोबतचे कामगार त्याला पाकी-पॅडी म्हणत. कारखान्यातला प्रत्येक जण प्रत्येकाला जातीवरून, रंगावरून, देशावरून बोलतो, आणि त्यातल्या त्यात समजूतदार असतो तो फोरमन. स्पेटचे म्हणणे असे की, इंग्रज कामगाराच्या डोक्यातली घाण त्यालाच दाखवायची. त्याने आधीच्या मालिकेत आल्फ गार्नेट हे असेच तोंडाळ पात्र निर्माण केले होते. गंमत अशी झाली की, ज्याच्यावर हसायचे त्या गार्नेटचेच पुष्कळ प्रेक्षकांना पटले.

तक्रारी आल्या. टेलिव्हिजनवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाने मालिका थांबवायला लावली. सहा भागांवर खेळ आटोपला.

माझा एक आतेभाऊ १९६८ साली जळगावहून लेस्टरला गेला होता. होजिअरीच्या कारखान्यात नोकरी. मालिका शुक्रवारी लागे. सोमवारी कामावर गेले की त्याला नवे नाव तयार असे. जळगावच्या मराठी माणसाला पाकी म्हणावे, यातला भूगोल त्याने दोनदा समजावून सांगितला, मग नाद सोडला. त्याच्या शेजारच्या यंत्रावरचा आयरिश माणूस पोट धरून हसे. वेस्ट इंडीजचा एक जण हसे, पण केनी लिंच बोलला तेवढ्यापुरते. पंजाबी मंडळींनी तो विषयच काढला नाही. आतेभावाला मिलिगनची नक्कल आवडली होती, हे मात्र त्याने पत्रात लिहिले होते. हा माणूस आपल्याकडचा आहे हे त्याने आवाजावरून ओळखले होते. त्रास टेलिव्हिजनसमोरच्या अर्ध्या तासाचा नव्हता, पुढच्या सहा दिवसांचा होता. मालिकेतल्या पात्राला उलट टोमणा लिहून द्यायला स्पेट होता. कारखान्यातल्या माणसाला तो कोण लिहून देणार?

मिलिगन थांबला नाही. १९६९ च्याच वसंतात बीबीसीवर त्याचा 'क्यू ५' हा छोट्या छोट्या प्रहसनांचा कार्यक्रम सुरू झाला होता. प्रवेश अर्धवट सोडून देणे, नटांनी मध्येच प्रेक्षकांकडे चालू लागणे, असले प्रकार त्याने त्यात आणले. मॉन्टी पायथन मंडळींनी ते पाहून कपाळावर हात मारला म्हणतात, कारण त्यांना जे करायचे होते ते याने आधीच केले होते. १९७५ च्या 'क्यू ६' मध्ये एक प्रवेश आहे. विज्ञानकथेतला डालेक नावाचा यंत्रराक्षस पाकिस्तानी चाकरमानी होऊन संध्याकाळी घरी येतो. गोरी बायको, घरातला कुत्रा. आवडले नाही ते उडवायचे आणि रश्शात टाकायला सांगायचे, एवढाच मामला. हा प्रवेश मी अलीकडे घरच्यांबरोबर पाहिला. नातवंडे खोखो हसली, ती डालेकला. सुनेने रश्शाचा विनोद शिळा ठरवला. माझ्या मते तिचे बरोबर आहे. लालकाका-बॅनर्जीत एक विशिष्ट माणूस दिसतो. डालेकमध्ये फक्त हेल आणि मसाला उरला आहे.

त्याच वर्षी 'द मेल्टिंग पॉट' आले. मिलिगन आणि जॉन बर्ड हे चोरून देशात शिरलेले पाकिस्तानी बापलेक. बीबीसीने पहिला भाग दाखवला, पुढचे चित्रित करून घेतले आणि कपाटात ठेवून दिले. १९७६ च्या उन्हाळ्यात साऊथॉलमध्ये गुरदीपसिंग चग्गर या तरुणाचा भोसकून खून झाला, आणि तिथली तरुण पोरे रस्त्यावर आली. त्या वातावरणात असल्या विनोदाला हसणारा प्रेक्षक नेमका कशाला हसतो आहे, याची खात्री कोण देणार होते?

आता या कथेतला विचित्र भाग. १९६२ च्या कायद्याने राष्ट्रकुलातल्या लोकांच्या इंग्लंडप्रवेशावर बंधने आली. त्या घोळात हिंदुस्थानात आयरिश बापाच्या पोटी जन्मलेल्या मिलिगनचाही पारपत्राचा हक्क गेला. निष्ठेची शपथ घे, मग पाहू, असा सरकारचा पवित्रा. त्या देशासाठी रक्त सांडलेल्या माणसाने शपथ घ्यायला साफ नकार दिला आणि आयर्लंडचे नागरिकत्व घेतले. म्हणजे 'करी अँड चिप्स'मध्ये उपऱ्याचे सोंग घेणारा हा नट कागदोपत्री खरोखरच उपरा होता. त्याच्या बाजूने बोलणारे हे आवर्जून सांगतात, आणि ते खोटे नाही. पण दोघांत एक फरक होता. संध्याकाळी तो रंग धुऊन घरी जाऊ शकत होता.

आपण मात्र फार वर मान करून बोलू नये. 'करी अँड चिप्स'च्या एक वर्ष आधी 'पडोसन'मधल्या मेहमूदच्या मद्रासी मास्तरावर जळगाव-धुळ्याची थिएटरे हसत होती. 'माइंड युवर लँग्वेज' ही मालिका विलायतेत १९७९ मध्ये परदेशीयांची टिंगल होते म्हणून बंद केली, तिच्यावरून बेतलेले 'जबान सँभालके' दूरदर्शनवर १९९३ मध्ये आले आणि आपण ते आनंदाने पाहिले. पुण्याला शिकायला गेलो तेव्हा वसतिगृहात मला रोज सकाळी कोणी ना कोणी काय करी ऱ्हायना असे विचारी. ती अहिराणी नसेच, अहिराणीचे सोंग असे. स्नेहसंमेलनाच्या नाटकात गड्याचे काम आपसूक माझ्याकडे आले, आणि प्रेक्षागृह पहिल्या वाक्यालाच हसले. वाक्यात विनोद नव्हता. सुट्टीत गावी आलो तर आमच्याच गल्लीतली पोरे बाजाराला आलेल्या पावरा माणसाच्या बोलीची नक्कल करीत होती, आणि ओट्यावरची मोठी माणसे हसत होती.

१९९८ मध्ये बीबीसी टेलिव्हिजनवर 'गुडनेस ग्रेशस मी' हा प्रहसनांचा कार्यक्रम सुरू झाला. संजीव भास्कर, मीरा स्याल, कुलविंदर घीर, नीना वाडिया, सगळी हिंदी वंशाची मंडळी, बहुतेक तिकडे वाढलेली. नाव घेतले ते पीटर सेलर्सने १९६० साली हिंदी डॉक्टरच्या थाटात म्हटलेल्या गाण्यावरून. त्यातला एक प्रवेश लेस्टरच्या आतेभावाने ध्वनिचित्रफितीवर आम्हाला पाठवला होता. मुंबईतले काही दोस्त खाऊन-पिऊन इंग्रजी खाणावळीत जातात, तिथल्या गोऱ्या वाढप्याचे नाव वाट्टेल तसे उच्चारतात आणि सगळ्यांत बेचव पदार्थ मागवतात. तिशी-पस्तिशीत ज्याने पाकी-पॅडी ऐकून घेतले, तो साठीत हे पाहून इतका हसला की त्याला ठसका लागला, असे वहिनींनी कळवले होते.

मिलिगन तेव्हा ऐंशीचा होता. त्याच वर्षी त्याची लहान मुलांसाठीची एक वेडगळ कविता इंग्रजांनी मतदानाने आपली सर्वांत आवडती विनोदी कविता ठरवली. युद्धाच्या आठवणींची पुस्तके खपत होती. २००१ मध्ये राजदरबाराने त्याला सरदारकी दिली. आयरिश नागरिक असल्यामुळे तीही नुसती मानाची. २७ फेब्रुवारी २००२ रोजी ससेक्समध्ये त्याने डोळे मिटले. आपण आजारी असल्याचे आपण आधीच सांगून ठेवले होते, अशा अर्थाची ओळ थडग्यावर हवी, ही त्याची इच्छा. चर्चच्या अधिकाऱ्यांना ती इंग्रजीत रुचेना. बरीच घासाघीस झाली आणि ओळ आयरिश भाषेत कोरायची असे ठरले. विंचेल्सीच्या त्या दफनभूमीत येणाऱ्या इंग्रजांपैकी बहुतेकांना ती वाचता येत नाही. कोणीतरी अर्थ सांगितला की मग ते हसतात.