मातृवियोगी रवींद्रनाथ

कलकत्त्याच्या जोडासाँको येथील ठाकुरवाड्यात महर्षी देवेंद्रनाथांच्या पत्नी शारदादेवी इ. स. १८७५ मध्ये निवर्तल्या, तेव्हा पुत्र रवींद्रनाथांना चौदावे वर्ष चालू होते. रात्री वृद्ध दासी आक्रोश करीत मुलांच्या खोलीत आली. वहिनींनी तिला तत्काळ बाहेर नेले. सकाळी अंगणात मातेचा शांत देह पाहूनही बालकास मृत्यू भयंकर वाटला नाही. परंतु देह महाद्वाराबाहेर निघाला आणि आई या दारातून पुन्हा कधीच घरात येणार नाही हे उमगले, तेव्हा मात्र त्याच्या शोकास पारावार राहिला नाही. स्मशानातून सर्व परतले तो महर्षी उपासनेत निश्चल बसलेले होते. पुढे घरातील धाकट्या सुनेने या मुलांना खाऊपिऊ घालून सदैव जवळ बाळगले. मूल पुन्हा खेळू लागले की वडीलधारी माणसे निश्चिंत होतात. पण ते विसरते थोडेच!

१९०२ मध्ये रवींद्रनाथांची स्वतःची मुले मातृहीन झाली. १९१२ मध्ये ग्रंथरूपाने निघालेल्या ‘जीवनस्मृती’त त्यांनी आपले हे बालपणीचे दुःख वाचकांपुढे ठेवले. मोठेपणी वसंतातील सकाळी मोगऱ्याच्या कळ्या उत्तरीयाच्या टोकात बांधून ते हिंडत, आणि त्या कपाळावरून फिरविताना त्यांना आईच्या बोटांचा स्पर्श आठवे.