यूजीन हिलगार्ड : पांढऱ्या पडलेल्या जमिनीचं कोडं सोडवणारा माणूस

कालवा आला, पाणी आलं, पीकही जोरात आलं. आणि काही वर्षांनी त्याच शेतावर पांढरा, काही ठिकाणी चक्क काळा थर चढू लागला. 19व्या शतकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यातले शेतकरी या प्रकाराने हैराण झाले होते. 1875 मध्ये यूजीन हिलगार्ड बर्कलीच्या विद्यापीठात आले, तेव्हा त्यांच्यापुढे हेच संकट वाढून ठेवलेलं होतं.

हिलगार्ड यांचा जन्म 1833 चा, जर्मनीतल्या त्स्वाइब्रुकनचा. लहानपणीच कुटुंब अमेरिकेत इलिनॉयला आलं. रसायनशास्त्र शिकायला ते पुन्हा जर्मनीला गेले आणि 1853 मध्ये त्यांनी हायडेलबर्गहून डॉक्टरेट मिळवली. पुढे मिसिसिपीत भूगर्भतज्ज्ञ म्हणून हिंडताना माती वाचायची सवय लागली.

कॅलिफोर्नियात त्यांच्या लक्षात आलं, की दोष फक्त वरून दिलेल्या पाण्याचा नाही. जास्त पाण्याने भूजल वर येतं, सोबत खालचे क्षार आणतं. पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात. सर्वांत घातक ती 'काळी अल्कली', म्हणजे सोडियम कार्बोनेट. ते मातीतला सेंद्रिय अंश विरघळवतं, म्हणून थर काळा दिसतो. माती घट्ट होते, पाणी मुरत नाही. आपल्याकडे अशा जमिनीला चोपण म्हणतात.

गंमत म्हणजे, यातल्या बऱ्याच जमिनींत चुना असतो. मग त्यातलं कॅल्शियम सोडियमला हटवत का नाही? कारण चुनखडी पाण्यात जेमतेम विरघळते. उलट चुना, सोडियमचे क्षार आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र आले, की सोडियम कार्बोनेट तयार होऊ शकतं, असं हिलगार्ड यांनी दाखवलं. म्हणजे जमिनीत नुसता चुना असून भागत नाही.

त्यांनी उपाय सुचवला तो जिप्समचा. ते चुनखडीपेक्षा कितीतरी जास्त विरघळतं आणि सोडियम कार्बोनेटचं तुलनेने सौम्य सोडियम सल्फेट करतं. पण ते सल्फेटही धुऊन बाहेर काढावं लागतं. त्यामुळे निचऱ्याचे चर नसतील तर जिप्समचा खर्च वाया, यावर ते ठाम होते. शेतकऱ्यांना ही बाजू महागात पडणारी होती, पण हिलगार्ड यांनी ती झाकली नाही.

भांडणंही झाली. 1903 मध्ये अमेरिकन सरकारच्या मृदा विभागाचे प्रमुख मिल्टन व्हिटनी यांनी मातीच्या रासायनिक घटकांवरून सुपीकता ठरत नाही अशी भूमिका घेतली, तेव्हा सत्तरीतल्या हिलगार्ड यांनी जाहीर विरोध केला.

1906 मध्ये त्यांचा मातीवरचा मोठा ग्रंथ आला. 1916 मध्ये बर्कलीतच त्यांचं निधन झालं. चोपण जमिनींसाठी जिप्सम आणि निचरा हीच जोडी आजही सुचवली जाते.